दहावीत पाहू न बे!

आधीच सांगून टाकतो. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. आमच्या विदर्भात कुठल्याही इंग्लिश मीडियम शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग तिथे एकही नन नसली तरी चालतं. माझ्या शाळेत मात्र खरोखरच सिस्टर होत्या आणि मराठी बोललं की दंड होता. त्यामुळे मराठी मी शिकलो ती थोडी मराठीच्या पुस्तकातून आणि बाकी सगळी ग्राउंडवर. 'मराठी विभागात मुलं लिहीतच नाहीत' म्हणून मॅगझिनच्या मॅडम माझ्या मागे लागल्या, तेव्हा त्यांना ही कल्पना दिलेली आहे. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी बघायचं असं ठरलंय.

विषय सुचला तो मेसमध्ये. त्या दिवशी दुपारी आपल्याकडे एक पाहुणे येऊन 'हे स्पर्धेचं युग आहे' यावर दीड तास बोलून गेले होते. (हे वाक्य नसलेलं भाषण कुणी ऐकलं असेल तर मला सांगा, मी त्याला चहा पाजीन.) रात्री जेवताना त्यावरच चर्चा निघाली. आमच्या विंगमधला एक जण म्हणाला, "ज्याच्यात दम असतो तो कुठूनही वर येतोच. बाकी सगळे एक्स्क्यूज." टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग रूमवर आलो, लाइट घालवला आणि झोप काही येईना. कारण मला सेठ आठवला.

सेठ हे त्याचं खरं नाव नाही. खरं नाव मॅगझिनमध्ये छापलेलं त्याला आवडणार नाही. ग्राउंडवरच्या सगळ्या पोरांचे कंचे शेवटी त्याच्याकडे जमा व्हायचे म्हणून तो सेठ. कंचे म्हणजे तुमच्या पुण्याकडच्या गोट्या.

चंद्रपूरचा म्हटलं की हॉस्टेलमध्ये मला दोनच प्रश्न विचारतात. वाघ रोज दिसतो का, आणि नक्षलवाद्यांची भीती वाटत नाही का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की तुमच्या डोक्यात आहे तो गडचिरोली, आणि तो १९८२ पासून वेगळा जिल्हा आहे! वाघाचं नंतर सांगतो. मी वाढलो ते ऊर्जानगर-दुर्गापूरच्या बाजूला. एका अंगाला महाऔष्णिक वीज केंद्र, २९२० मेगावॅटचं. दुसऱ्या अंगाला कोळशाची खुली खाण आणि खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर. त्यापलीकडे जंगल, ते थेट ताडोब्यापर्यंत. हिवाळ्यात सकाळी दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घालता यायचे नाहीत, राख बसलेली असायची. बाबा नोकरीला, म्हणून आम्ही क्वार्टरमध्ये. सेठचं घर कंपाउंडच्या भिंतीबाहेर, नाल्यापलीकडच्या वस्तीत. त्याचे वडील ठेकेदाराच्या गाडीवर. भिंतीला एका जागी भगदाड होतं, आणि त्या भगदाडाच्या अलीकडे आमचं ग्राउंड.

कॉलनी विरुद्ध वस्ती अशी आमची मॅच वर्षानुवर्षं चालली. कॉलनीत तेलुगू, बिहारी, छत्तीसगढी, नागपुरी सगळे होते, पण नाल्यापलीकडचे आले की आम्ही सगळे 'कॉलनीवाले' व्हायचो. बॉलिंगच्या एका एंडचं नाव चिमणी एंड, दुसऱ्याचं बाभूळ एंड. बाभूळ एंडला बॉल गेला की वेड्या बाभळीच्या काट्यांत शिरून तो काढायचा कोण यावर अर्धी संध्याकाळ भांडण. बहुतेक वेळा सेठच शिरायचा आणि बाहेर येऊन बॉल देण्याआधी म्हणायचा, "दोन रन कमी." बॉल आमचा, त्यामुळे नियम आमचे असायला पाहिजे होते. पण तसं व्हायचं नाही. तो बॅट खाली ठेवून चालायला लागला की मॅच संपायची हे आम्हाला माहीत होतं. त्याच्याशिवाय खेळण्यात मजाच नव्हती हो! त्याला आउट केलं की दोन दिवस छाती फुगलेली असायची.

कंच्यांत तर तो कुणालाच ऐकायचा नाही. माझे दोनशेच्या वर कंचे त्याच्या डालडाच्या डब्यात गेले असतील. पण त्याचा एक रिवाज होता. समोरचा पूर्ण कफल्लक झाला की तो दहा कंचे उधार द्यायचा, त्याच दिवशी, तिथेच. "घे, खेळ. घरी कायले जातं?" मला तेव्हा हे दयाळूपणाचं वाटायचं आणि रागही यायचा. आता वाटतं, त्याला खेळ चालू राहायला हवा होता, एवढंच.

गणितात तो माझ्यापेक्षा पुढे होता. हे मी आज लिहितोय, तेव्हा मान्य केलं नसतं. माझ्याकडे ट्यूशन होती, नवनीतची गाइडं होती, आणि भूमितीचं गणित अडलं की मी भगदाडातून त्याच्याकडे जायचो. अडचण फक्त भाषेची. तो म्हणायचा 'कर्ण', मला वाटायचं महाभारतातला. मी म्हणायचो हायपोटेन्यूज, तो हसून हसून लोळायचा. लसावि हे मला कुठल्या तरी गावाचं नाव वाटायचं. शेवटी आम्ही वहीच्या मागच्या पानावर दोन रांगा केल्या, एकीत त्याचे शब्द, दुसरीत माझे. ती वही अजून घरी आहे. इथे पहिल्या सेमला मराठी मीडियममधून आलेल्या रूममेटला मी ज्या शब्दांवर मदत केली ते सगळे त्या पानावर होते.

आता एक गोष्ट सांगायची ती मला सांगावीशी वाटत नाही. आम्ही बारा वर्षांचे असू. त्याने माझे चाळीस कंचे एका बैठकीत जिंकले. कॉलनीची पोरं बघत होती, त्यांच्यासमोर मी त्याला इंग्रजीत म्हटलं की तुला साधं इंग्रजी येत नाही, तू पुढे काय होणार आहेस? मुद्दाम इंग्रजीत. कॉलनीची पोरं हसली. त्याला शब्द कळले नसतील, पण चेहरे कळले. तो डबा बंद करून उठला आणि म्हणाला, "दहावीत पाहू न बे. तेव्हा तं गणिताचा पेपर एकच राहीन."

त्याचं बरोबर होतं. तोवर आमची गाठ एकाही परीक्षेत पडलेली नव्हती. त्याची शाळा वेगळी, माझी वेगळी, पेपर आपापले. स्कॉलरशिपच्या परीक्षेला आमच्या शाळेतून कुणी बसत नसे. दोघांचं बोर्ड मात्र एकच, स्टेट बोर्ड. म्हणजे दहावीला त्याच्या हातात मराठीतून आणि माझ्या हातात इंग्रजीतून तीच गणितं येणार होती. त्या दिवसापासून 'दहावीत पाहू' हा आमच्यात शब्दच होऊन बसला. कॅरममध्ये हरला तरी दहावीत पाहू. सायकलची चेन पडली तरी दहावीत पाहू. भांडण आठवडाभरात मिटलं, पण पैज राहिली.

मे २०१८ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पोरं एव्हरेस्टवर चढली, ते तुम्ही वाचलं असेल. आदिवासी विकास विभागाचं 'मिशन शौर्य'. दहा जणांतले पाच माथ्यावर पोचले. मनीषा धुर्वे, कविदास काठमोडे, उमाकांत मडावी, प्रमेश आळे, विकास सोयाम. ही नावं मला पाठ आहेत कारण आम्ही ती मॅचमध्ये वापरायचो, सचिन-धोनीसारखी. पेपरात फोटो आला त्या संध्याकाळी आमची सगळी टोळी खाणीच्या मातीच्या डोंगराकडे पळाली. (हे अत्यंत धोक्याचं आहे, ती माती घसरते, कुणी करू नये. आम्हाला नंतर घरी व्यवस्थित मार पडला.) सेठ पहिला पोचला. मी दुसरा, तेही शेवटच्या टप्प्यात माती सरकायला लागली तेव्हा त्याने हात दिला म्हणून. वर बसून तो म्हणाला, "आश्रमशाळेतले होते. पाहिलं? डोंगर तं सगळ्यायले एकच असते."

ते वाक्य मला तेव्हा पटलं नाही, आता अर्धं पटतं. एव्हरेस्ट सगळ्यांना सारखा हे खरं. पण त्या दहा जणांना महिनोन्महिने प्रशिक्षण मिळालं, बूट मिळाले, ऑक्सिजन मिळाला, कुणीतरी त्यांच्यासाठी ठरवून पैसा लावला. आश्रमशाळेच्या पोरांत दम होता म्हणून ती चढली, आणि दम त्याआधीही होता. त्याआधी त्यांना पायथ्यापर्यंत कुणी नेलं नव्हतं.

मग २०२० आलं. मार्चमध्ये शाळा बंद. नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा एप्रिलमध्ये रद्द झाली. आम्ही नाचलो! दहावीचं वर्ष ऑनलाइन सुरू झालं. मला बाबांनी नवा फोन घेऊन दिला, वायफाय बसवलं. सेठच्या घरी फोन एकच, तो वडिलांबरोबर गाडीवर. सुरुवातीला तो माझ्या खिडकीखाली उभा राहून माझ्या फोनवर माझ्या शाळेचा गणिताचा तास ऐकायचा. भाषा इंग्रजी, पण गणित कळायचं म्हणे. पुढे कॉलनीच्या गेटवर बाहेरच्यांना बंदी झाली आणि भगदाडही बुजवलं गेलं. सेठच्या वडिलांचं काम गेलं. घरचे सगळे धानोऱ्याकडे मामाच्या गावी तेंदूपत्त्याला गेले, आणि नंतर धानाच्या रोवणीलाही तिकडेच राहिले. तिथे नेटवर्क नव्हतं. परत आला तेव्हा तेंदूच्या सत्तर पानांचं पुडकं बोलता बोलता, खाली न बघता कसं मोजायचं ते त्याने मला कंच्यांवर करून दाखवलं. एकदाही चुकला नाही.

एप्रिल २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली. मग सूत्र आलं. पन्नास मार्क नववीच्या निकालावरून, तीस दहावीच्या शाळेतल्या लेखी मूल्यमापनाचे, वीस तोंडी-प्रात्यक्षिकाचे. नववीचा निकाल म्हणजे व्यवहारात पहिलं सत्र, कारण दुसरं झालंच नव्हतं. म्हणजे २०१९ च्या दिवाळीआधी आम्ही जे काही अर्धवट अभ्यास करून लिहिलं होतं, त्यावर दहावीचे निम्मे मार्क! त्या सत्रात सेठचे वडील आजारी होते आणि तो महिनाभर शाळेतच नव्हता. माझ्या शाळेने आम्हाला मार्क देताना हात सैल सोडला होता, हेही लिहून टाकतो. १६ जुलै २०२१ ला निकाल लागला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. मला त्र्याण्णव, सेठला एकाहत्तर.

मी पेढे घेऊन गेलो नाही. तोच आला. "तू जिंकला मनून नको समजू," म्हणाला, "मॅचच झाली नाही." आणि मग एकदम खुशीत येऊन, "अकरावीची सीईटी आहे न बे! शंभर मार्काची. पेपर एकच!"

ती सीईटी आठवते का तुम्हाला? अकरावीच्या प्रवेशासाठी २१ ऑगस्टला ठेवलेली, इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, प्रत्येकी पंचवीस मार्क. ऐच्छिक होती. आमच्याकडे बऱ्याच जणांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही, कारण एकाहत्तर-त्र्याण्णव सगळ्यांना कुठे ना कुठे अॅडमिशन होतीच. सेठने माझ्या लॅपटॉपवरून फॉर्म भरला आणि मलाही भरायला लावला. नवनीत घेऊन गेला. तीन आठवडे तो जे काही करत होता त्याला अभ्यास म्हणतात, हे मला नंतर जेईईच्या वेळी कळलं. १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने सीईटी रद्द केली. याचिका दुसऱ्या बोर्डाच्या एका विद्यार्थिनीची होती. पेपर स्टेट बोर्डाच्या अभ्यासक्रमावर आहे, आमच्यावर अन्याय होतो, असं तिचं म्हणणं होतं. गंमत बघा, तीही हेच म्हणत होती की पेपर एकच नाही! कोरोनात लाखो मुलांना एकत्र बसवण्याचा धोका कोर्टाने बघितला, तोही खोटा नव्हता. मी निकालाला नावं ठेवत नाही. पण सेठने माझ्या घरी येऊन नवनीत टेबलावर ठेवलं, ते कव्हर घातलेलं होतं. मी कधी घातलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात. मी सायन्स, क्लास, सीईटी, इथे. तो आयटीआय, इलेक्ट्रिशियन. सायन्स का नाही घेतलं म्हटलं तर म्हणाला, "दोन वर्षांत पैसे सुरू होते." सीईटी झाली असती तर तो आज इंजिनीअर असता असं मी म्हणणार नाही. घरी पैसे नव्हते ते सीईटीने आले नसते. कदाचित मीच जिंकलो असतो. पण ते कुणालाच माहीत नाही, मलाही नाही, आणि मला माझ्या त्र्याण्णवपेक्षा ते जास्त खटकतं.

आता मेसमधल्या त्या मित्राला उत्तर. आपण सगळे पर्सेंटाइलवर इथे आलो. पर्सेंटाइल म्हणजे काय? परीक्षेला बसलेल्यांपैकी शेकडा किती जण तुझ्या बरोबरीचे किंवा मागे आहेत. बसलेल्यांपैकी! आपण इंजिनीअर आहोत, भागाकारात खाली काय लिहिलंय ते आधी बघायला आपल्याला शिकवतात. माझ्या पर्सेंटाइलमध्ये सेठ नाही. मी ज्यांना मागे टाकलं त्यांत तो नाही, मला ज्यांनी मागे टाकलं त्यांतही नाही. मला आयुष्यात ज्याने सगळ्यात जास्त वेळा हरवलं तो माणूस त्या आकड्यात धरलेलाच नाही. अशा आकड्यावर 'ज्याच्यात दम असतो तो येतोच' हे वाक्य कसं उभं राहतं, मला समजत नाही. जो आला त्याच्यात दम असेल. जो आला नाही त्याच्याबद्दल या आकड्यावरून काहीही बोलता येत नाही.

आणि आपण ज्याला स्पर्धा म्हणतो तिच्यात समोर कुणी दिसतच नाही. मी कुणाला हरवलं त्यांची नावं मला माहीत नाहीत. सेठने मला हरवलं की संध्याकाळी त्याच्याच घरचं पाणी पिऊन मी घरी यायचो, आणि त्याची आई विचारायची, आज किती गेले रे?

आमच्या ग्राउंडचं काय झालं तेही सांगतो, म्हणजे वाघाच्या प्रश्नाचं उत्तर होईल. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या एका कामगाराला वाघाने मारलं आणि लगेच दुर्गापुरात एका सोळा वर्षांच्या मुलाला बिबट्याने. आम्हीही तेव्हा सोळा-सतराचेच. तेव्हापासून अंधार पडायच्या आत पोरं घरात. आईबापांची काहीच चूक नाही, माझ्या आईनेही हेच केलं असतं. पण आता कॉलनीची पोरं गाडीत बसून शहरातल्या टर्फवर जातात, तासाचे पैसे देऊन. वस्तीतली पोरं टर्फवर नसतात. माझा चुलतभाऊ नऊ वर्षांचा आहे, नाल्यापलीकडच्या एकाही पोराचं नाव त्याला येत नाही. त्याला कंच्यांत कुणी हरवणारच नाही. पुढे तोही कुठल्या तरी मेसमध्ये बसून मान डोलावेल.

बिबट्या काही माझ्या हातात नाही. हॉस्टेलच्या ग्राउंडचं मात्र बोलता येईल. आपल्या मेसमध्ये ताटं उचलणारी जी पोरं आहेत, ती आपल्याच वयाची आहेत, एक-दोन आपल्यापेक्षा लहान असतील. संध्याकाळी साडेपाच ते सात त्यांना काम नसतं. ती व्हॉलीबॉलच्या कोर्टाच्या कडेला उभी राहून बॉल आणून देतात. तीन वर्षांत मी त्यांना एकदाही आत घेतलेलं पाहिलं नाही, आणि मी स्वतः घेतलेलं नाही. नियम आडवा येत असेल तर रेक्टर सरांना या पानावरून विनंती करतो की तो बदलावा. नियम नसेल तर आपणच सुरू करू. त्यांच्यातला एक जण डाव्या हाताने सर्व्ह करतो, मी त्याला मेसच्या मागे भिंतीवर मारताना पाहिलंय. आपल्या इंटर-हॉस्टेल टीममधल्या कुणालाही तो जड जाईल.

गेल्या दिवाळीत सेठ भेटला. घुग्घुसकडे एका ठेकेदाराकडे आहे, बाइक घेतलीये. माझं थर्ड इयरचं पुस्तक चाळून म्हणाला, "हे तं आमच्या मोटर वाइंडिंगचंच आहे, फक्त लंबं लिहून ठेवलं." मग डिकीतून डालडाचा तोच डबा काढला. क्वार्टरच्या मागे, दोन वीस वर्षांचे घोडे, खड्डा खणून बसलो. शेजारच्या काकू गॅलरीतून बघत होत्या. पाऊण तासात माझ्याकडे एकही कंचा उरला नाही.

त्याने दहा मोजून दिले, न बघता. ते मी इथे घेऊन आलोय, टेबलाच्या खणात आहेत. मे महिन्यात परत करायचे आहेत.